मक्याची रास, शेततळं आणि डीव्ही बाय डीटी

बारावीच्या गणितात अवकलजाच्या उपयोगांचं जे प्रकरण आहे, त्यात एक छोटा भाग येतो. वर्गात त्याला सगळे नुसतं 'रेटची गणितं' म्हणतात. शिडी घसरते, फुगा फुगतो, शंकूच्या टाकीत पाणी चढतं. पुढे कमाल-किमान किमतींची गणितं आली की हा भाग मागे पडतो, कारण दिसायला तो सोपा असतो. डिफरन्शिएशन म्हणावं तर चेन रूलच्या पलीकडे त्यात काही नाही. तरी मार्क इथेच सांडतात, आणि सांडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: जी राशी हलतेय, तिला घाईघाईने आकडा देऊन जागच्या जागी गोठवलेलं असतं.

राशींची अक्षरं इथे बोलतो तशीच लिहितो. घनफळ व्ही, त्रिज्या आर, उंची एच, वेळ टी; आणि सूत्रातला पाय म्हणजे ३.१४ वाला π. डीव्ही/डीटी म्हणजे घनफळ बदलण्याचा वेग.

येवला-लासलगाव भागात मक्याचा हंगाम सुरू झाला की एलिव्हेटरच्या, म्हणजे धान्य वर चढवणाऱ्या यंत्राच्या, तोंडातून मका एकाच जागी पडत राहतो आणि खाली शंकूच्या आकाराची रास होते. रास वाढते, पण तिचा उतार बदलत नाही. दाणा एका ठरावीक कोनापेक्षा जास्त उभा राहतच नाही, घरंगळतो. गणिताच्या दृष्टीने ही फार मोलाची माहिती आहे, कारण त्रिज्या आणि उंची यांचं प्रमाण कायम राहतं. समजा, दर मिनिटाला ०.४ घनमीटर मका पडतोय आणि त्रिज्या नेहमी उंचीच्या दुप्पट आहे, म्हणजे उतार साधारण साडेसव्वीस अंशांचा. रास १ मीटर उंच झाली, त्या क्षणी उंची किती वेगाने वाढतेय?

शंकूचं घनफळ:

व्ही = (१/३) × पाय × आर² × एच

आर आणि एच दोन्ही हलते आहेत. आपल्याला उंचीचा वेग हवाय, म्हणून आर काढून टाकायचा. आर = २एच, हे रास १ मीटरची असताना खरं आहे, १० सेंटिमीटरची असतानाही खरं होतं.

व्ही = (४/३) × पाय × एच³

आता दोन्ही बाजू वेळेच्या सापेक्ष डिफरन्शिएट करू.

डीव्ही/डीटी = ४ × पाय × एच² × डीएच/डीटी

आणि आता, या ओळीनंतरच, आकडे. डीव्ही/डीटी = ०.४, एच = १. त्यावरून डीएच/डीटी = ०.४ ÷ १२.५७ = ०.०३१८ मीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ३.२ सेंटिमीटर. रास २ मीटरची झाल्यावर हाच वेग चौपटीने कमी होऊन ०.८ सेंटिमीटरवर येतो.

चुकणारी वही कशी दिसते ते पाहा. उंची १ मीटर म्हणजे त्रिज्या २ मीटर, असं म्हणून सूत्रात आर² च्या जागी सरळ ४ टाकला जातो. मग व्ही = (४/३) × पाय × एच, डिफरन्शिएट केलं की डीव्ही/डीटी = (४/३) × पाय × डीएच/डीटी, आणि उत्तर मिनिटाला ९.५ सेंटिमीटर. बरोबर तिप्पट. यात आकडेमोडीची चूक कुठेच नाही. चूक ही की २ मीटर त्रिज्या त्या एका क्षणापुरती खरी होती आणि ती कायमची असल्यासारखी वापरली. असा शंकू घेतला ज्याचा पाया वाढतच नाही, नुसतं टोक वर चढतं. मका तसा साचत नाही.

गंमत अशी की ९.५ हा आकडा अगदीच हवेतला नाही. रास १ मीटरची व्हायला ४.१९ घनमीटर मका लागतो, म्हणजे साडेदहा मिनिटं. १०० सेंटिमीटर भागिले १०.५ केलं तर ९.५ सेंटिमीटर प्रति मिनिट. सुरुवातीपासूनची सरासरी नेमकी तेवढीच येते. उंचीचा घन वेळेच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे या राशीत त्या क्षणाचा वेग नेहमी सरासरीच्या एक तृतीयांश असतो. म्हणून उत्तर पडताळताना 'सरासरीच्या जवळपास आलंय, बरोबर असेल' हा युक्तिवाद इथे चालत नाही.

सरासरी गती आणि त्या क्षणाची गती यांतला हा फरक आपल्याकडे जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० मधल्या 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहाची दिवसभराची गती आणि 'तात्कालिकी' गती वेगळी मानली आहे. चंद्र झपाट्याने चालतो, त्याच्यासाठी ढोबळ गती पुरत नाही. नांदगावच्या पलीकडे चाळीसगावजवळ पाटणादेवीला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. तिकडे सहल गेली तर तो जरूर पाहावा. न्यूटनच्या मूळ मांडणीतही प्रत्येक राशी वेळेबरोबर 'वाहते' आणि तिच्या वाहण्याच्या वेगाला तो फ्लक्शन म्हणायचा. म्हणजे ही 'रेटची गणितं' कॅल्क्युलसच्या शेवटी जोडलेलं शेपूट नव्हेत, त्याचं मूळ रूप तेच आहे.

वहीत एक सवय लावून घेता येते. पानाच्या मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे 'कायम', उजवीकडे 'त्या क्षणी'. गणितातला प्रत्येक आकडा यांपैकी एका बाजूला बसतो. मक्याच्या गणितात ०.४ आणि आर = २एच डावीकडे; १ मीटर उंची उजवीकडे. डिफरन्शिएट होईपर्यंत उजव्या बाजूला कुलूप. डावीकडचे आकडे मात्र आधी टाकलेलेच बरे, समीकरण हलकं होतं. पाच मीटरची शिडी पाचच मीटरची राहणार, तिला एल म्हणत बसून काय करायचं?

काही जण आर काढून न टाकता गुणाकाराच्या नियमाने दोन्ही राशींना डिफरन्शिएट करतात. तेही चालतं. (१/३) × पाय × (२ आर एच × डीआर/डीटी + आर² × डीएच/डीटी) असं येतं, मग डीआर/डीटी = २ × डीएच/डीटी घालायचं. कंसात १२ × डीएच/डीटी जमतं आणि उत्तर तेच येतं. फक्त काम वाढतं आणि डीआर/डीटी विसरायला एक जागा जास्त मिळते.

आता त्या समीकरणाकडे पुन्हा एकदा बघा. ४ × पाय × एच² म्हणजे काय? आर = २एच असल्यामुळे तो पाय × आर² आहे, म्हणजे राशीच्या पायाचं क्षेत्रफळ. आवक = क्षेत्रफळ × उंचीचा वेग. पाण्याच्या बाबतीत हेच वाक्य जास्त स्वच्छ दिसतं: टाकी कोणत्याही आकाराची असो,

आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यातला फरक = पाण्याच्या उघड्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ × पातळीचा वेग.

कारण पातळी केसभर वाढली तर नव्याने भरणारा पाण्याचा थर पृष्ठभागाएवढाच पसरट असतो. हे एक वाक्य पक्कं असेल तर निम्मी गणितं घनफळाच्या सूत्राशिवाय सुटतात. बोर्डाच्या पेपरात मात्र घनफळ लिहूनच सोडवावं, पायऱ्यांना मार्क असतात. पडताळणी या वाक्याने करावी.

शेततळं घ्या. सिन्नर, चांदवड, निफाड, कुठेही गेलात तरी काळ्या किंवा निळ्या कागदाचं शेततळं दिसतंच. वरचं तोंड ३० मीटर बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंचा उतार एकास एक, म्हणजे तळ २४ बाय २४. विहिरीवरचा पंप सेकंदाला १० लिटर पाणी टाकतोय. पातळी कशी चढेल?

पहिली अडचण एककांची. १० लिटर प्रति सेकंद म्हणजे तासाला ३६,००० लिटर, म्हणजे ३६ घनमीटर. लांबी मीटरमध्ये आहे, तर सगळं मीटर आणि तासातच आणायचं. लिटर आणि मीटर एकाच ओळीत आले की उत्तर हजारपटीने चुकतं. आणि ते कळतही नाही, कारण वेगाचा आकडा 'योग्य दिसतो की नाही' हे जोखायची सवय आपल्याला नसते.

पाण्याची खोली एच असताना पृष्ठभागाची बाजू (२४ + २एच) मीटर. दोन्हीकडून एच-एच वाढते म्हणून २एच. इथे २४ + एच लिहिणारे बरेच. एच = ३ घालून बघा, ३० आलं पाहिजे; २७ आलं तर एक बाजू विसरलात. म्हणून

डीएच/डीटी = ३६ ÷ (२४ + २एच)²

तळ नुकता झाकला जातोय तेव्हा ३६ ÷ ५७६, म्हणजे तासाला ६.२५ सेंटिमीटर. दीड मीटर पाणी असताना ३६ ÷ ७२९, म्हणजे ४.९ सेंटिमीटर. काठोकाठ येताना ३६ ÷ ९००, म्हणजे ४ सेंटिमीटर. ज्यांना घनफळाचं सूत्र हवं त्यांच्यासाठी: व्ही = ५७६एच + ४८एच² + (४/३)एच³. एचच्या सापेक्ष डिफरन्शिएट करा, ५७६ + ९६एच + ४एच² येतं, आणि तोच (२४ + २एच) चा वर्ग आहे. एच = ३ घातलं तर पूर्ण तळ्यात २,१९६ घनमीटर पाणी बसतं; तासाला ३६ प्रमाणे ६१ तास. ६१ तासांत ३ मीटर, सरासरी ४.९ सेंटिमीटर, म्हणजे साधारण अर्ध्या खोलीवरचा वेग. मक्याच्या राशीत सरासरी आणि त्या क्षणाचा वेग यांच्यात तिपटीचा फरक होता, इथे दोन्ही जवळजवळ सारखे. राशीचा पाया शून्यापासून वाढत जातो. तळ्याचा पाया आधीच रुंद असतो. फरक तेवढ्याचाच.

बाष्पीभवनाचा प्रश्न याच तळ्यावर विचारता येतो आणि तो फसवा आहे. उन्हाने उडून जाणारं पाणी पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असतं. समजा दर चौरस मीटरला दिवसाला ८ लिटर उडतात, म्हणजे ०.००८ घनमीटर. मग डीव्ही/डीटी = −०.००८ × क्षेत्रफळ. दुसरीकडे डीव्ही/डीटी = क्षेत्रफळ × डीएच/डीटी. क्षेत्रफळ दोन्हीकडून कटतं आणि डीएच/डीटी = −०.००८ मीटर, म्हणजे दिवसाला ८ मिलिमीटर. तळं भरलेलं असो की निम्मं, चौकोनी असो की गोल, पातळी रोज तेवढीच उतरणार. लिटर मात्र भरलेल्या तळ्यातून जास्त जातात. परीक्षेत हे गणित गोल थेंबाच्या रूपात येतं: थेंब पृष्ठफळाच्या प्रमाणात उडतो, तर त्रिज्या स्थिर वेगाने कमी होते हे सिद्ध करा. तर्क तोच.

धरणाच्या बातम्या वाचतानाही हे कामाला येतं. गंगापूर धरणाची क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट, साधारण २८.३ लिटर. विसर्ग वजा जाता निव्वळ आवक १,००० क्युसेक असेल तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ८६.४ दशलक्ष घनफूट पाणी साठतं, म्हणजे साधारण दीड टक्का. पेपरात येणारा टक्का हा घनफळाचा असतो. आवक स्थिर राहिली तर टक्का रोज सारखाच वाढेल, पातळी मात्र रोज थोडी कमी वाढेल, कारण धरण भरत जातं तसं पाणी बाजूला पसरत जातं. 'टक्केवारी वाढतेय पण पाणी चढताना दिसत नाही' अशी तक्रार असते, त्यामागे हेच क्षेत्रफळ असतं.

नदीला मात्र हे वाक्य लावू नका. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, यावरून नाशिक गोदावरीचा पूर मोजतं. पण रामकुंडाजवळची नदी टाकी नाही. जेवढं पाणी वरून येतं तेवढंच खाली निघून जातं, आणि विसर्ग स्थिर असेल तर पातळीही स्थिर असते. तिथे पातळी आणि विसर्ग यांचं नातं वेगळं: प्रत्येक पातळीला एक विसर्ग ठरलेला. विसर्गाला क्यू म्हटलं तर

डीक्यू/डीटी = डीक्यू/डीएच × डीएच/डीटी

समजा, त्या टप्प्यावर पातळी एक फूट वाढायला २,००० क्युसेक जास्त लागतात आणि विसर्ग तासाला ४,००० क्युसेकने वाढवला जातोय. तर पातळी तासाला २ फूट चढेल. पहिल्या गणितात आवक हाच पातळी चढण्याचा वेग ठरवत होती, इथे आवक वाढण्याचा वेग तो ठरवतो. दोन्ही गणितांत क्युसेकच असतात, त्यामुळे गल्लत होते. कोणतं नातं कायम खरं आहे, हे आधी ठरवल्याशिवाय डिफरन्शिएट करायला हात लावू नये.

शिडीचं गणित थोडक्यात आटोपतो, कारण ते सगळ्यांना पाठ असतं. ५ मीटरची शिडी, पाय भिंतीपासून सेकंदाला ०.५ मीटरने सरकतोय, पाय ३ मीटरवर असताना टोक किती वेगाने खाली येतंय? पायाचं भिंतीपासूनचं अंतर एक्स, टोकाची उंची वाय. एक्स² + वाय² = २५, त्यावरून डीवाय/डीटी = −(एक्स/वाय) × डीएक्स/डीटी = −(३/४) × ०.५ = −०.३७५ मीटर प्रति सेकंद. पाठ नसतं ते पुढचं. टोक जमिनीपासून ५ सेंटिमीटरवर असताना हेच सूत्र सेकंदाला ५० मीटर देतं, म्हणजे ताशी १८० किलोमीटर. कोणतीही शिडी अशी पडत नाही. गणित चुकलेलं नाही. 'पाय स्थिर वेगाने सरकतो आणि टोक भिंतीला टेकलेलंच राहतं' या दोन अटी शेवटपर्यंत एकत्र टिकू शकत नाहीत. टोक त्याआधीच भिंत सोडतं.

संक्रांतीला येवल्यात आसारीवर, म्हणजे फिरकीवर, मांजा असतो, तिथलं गणित जास्त रंगतदार आहे. पतंगाची उंची ६० मीटरवर कायम आहे, वाऱ्याने तो आडवा सेकंदाला ४ मीटर सरकतोय, मांजा १०० मीटर सुटलाय आणि तो सरळ आहे असं धरू. (तो सरळ कधीच नसतो, झोल पडतोच, पण झोलाचं गणित या प्रकरणाच्या आवाक्यातलं नाही.) मांजा किती वेगाने सुटतोय?

मांज्याची लांबी झेड, पतंगाचं आडवं अंतर एक्स. झेड² = एक्स² + ३,६००. ६० डावीकडच्या रकान्यातला, म्हणून आधीच टाकला. १०० उजवीकडचा, तो थांबेल. डिफरन्शिएट केलं की झेड × डीझेड/डीटी = एक्स × डीएक्स/डीटी; दोन्हीकडचे २ कटले. झेड १०० असताना एक्स = ८०. हा ८० गणितात दिलेला नसतो, पायथागोरसने काढायचा असतो, आणि घाईत विसरला जातो. डीझेड/डीटी = ८० × ४ ÷ १०० = ३.२ मीटर प्रति सेकंद. पतंग ४ ने सरकतोय आणि मांजा ३.२ ने सुटतोय, कारण सरकण्याचा थोडा भाग मांज्याच्या दिशेत नसतो. मांजा ४ पेक्षा जास्त वेगाने सुटतोय असं उत्तर आलं तर मागे फिरा.

आसारीची गुंडाळी ८ सेंटिमीटर त्रिज्येची असेल तर ३.२ ÷ ०.०८ = ४० रेडियन प्रति सेकंद, म्हणजे सेकंदाला सहापेक्षा जास्त फेरे. मांजा सुटेल तशी गुंडाळी बारीक होते, म्हणजे तेवढाच मांजा सोडायला आसारी आणखी जोरात फिरते. मांजा सुती धाग्याचा वापरा, नायलॉनचा नको. गळे कापतो तो.

याच पतंगाचा कोन किती वेगाने बदलतोय असं विचारलं की मार्क आणखी सांडतात. टॅन थीटा = ६० ÷ एक्स. दोन्ही बाजू डिफरन्शिएट करून आकडे घातले की डीथीटा/डीटी = −(६० × ४) ÷ १०० चा वर्ग = −०.०२४. कशात? रेडियन प्रति सेकंद. साइन, टॅन यांच्या अवकलजांची सूत्रं फक्त रेडियनमध्ये खरी असतात. इथे 'अंश' लिहिलं तर उत्तर ५७ पटीने चुकलं. अंशात हवं असेल तर १८० ÷ ३.१४ ने गुणा, साधारण १.४ अंश प्रति सेकंद येईल. उणे चिन्ह सांगतं की पतंग दूर जाताना खाली क्षितिजाकडे झुकतोय.

चिन्हांचा खरा कस दोन गाड्यांच्या गणितात लागतो. एक गाडी आडगावकडून द्वारका चौकाकडे येतेय, चौकापासून ३ किलोमीटरवर, ताशी ६०. दुसरी चौकातून निघून नाशिकरोडकडे चाललीय, ४ किलोमीटरवर, ताशी ४०. दोन रस्त्यांत काटकोन धरला तर गाड्यांमधलं सरळ अंतर ५ किलोमीटर. ते वाढतंय की कमी होतंय?

पहिलीचं चौकापासूनचं अंतर कमी होतंय, म्हणून तिचा वेग −६०. दुसरीचा +४०. डीझेड/डीटी = (३ × (−६०) + ४ × ४०) ÷ ५ = −२० ÷ ५ = −४. अंतर ताशी ४ किलोमीटरने कमी होतंय. उणे विसरलात तर ६८ येतं, आणि अशा प्रश्नाच्या चार पर्यायांत ६८ असण्याची शक्यता धरूनच चाला. नियम सोपा: राशी कमी होत असेल तर तिचा वेग उणे, गाडी कुठल्या दिशेला जातेय याच्याशी संबंध नाही.

आता काटकोनाच्या गृहीतकाकडे बघा. त्याच दोन रस्त्यांत ६० अंशांचा कोन असता तर पायथागोरस लागला नसता; झेड² = एक्स² + वाय² − एक्सवाय घ्यावं लागलं असतं. डिफरन्शिएट करून तेच आकडे घाला: २ × झेड × डीझेड/डीटी = −४० − (−२४० + १२०) = ८०, झेड = √१३, आणि उत्तर ताशी +११.१. कमी होणारं अंतर वाढायला लागलं. चित्र काढताना सवयीने काटकोन काढला आणि गणितात तो दिलेलाच नव्हता, तर आकडाच नाही, दिशाही उलटते.

सावलीच्या गणितात सापळा शब्दांचा असतो. गोदाघाटावर ६ मीटर उंच दिवा, दीड मीटर उंचीची व्यक्ती त्यापासून सेकंदाला १.२ मीटरने दूर चाललीय. समरूप त्रिकोणांवरून सावलीची लांबी = अंतर ÷ ३. म्हणून सावली सेकंदाला ०.४ मीटरने लांब होते. पण सावलीचं टोक सेकंदाला १.६ मीटरने सरकतं, कारण व्यक्तीही चाललीय. प्रश्नात 'टोक' आहे की 'लांबी', ते अधोरेखित करा. आणि 'व्यक्ती दिव्यापासून ८ मीटरवर असताना' असं दिलं असेल तर घाबरू नका. तो ८ कुठेच लागत नाही, वापरला नाही म्हणून उत्तर चुकत नाही.

द्राक्षवाल्यांना उपयोगी पडेल अशी एक युक्ती. मण्याचा व्यास १६ मिलिमीटर आहे आणि रोज ०.२ मिलिमीटरने वाढतोय. मणी गोल धरला तर घनफळ रोज किती वाढतंय? सूत्राने गेलात तर रोज सुमारे ८० घनमिलिमीटर. पण आधी दोन्ही बाजूंचा लॉग घेतला तर घनफळाचा टक्का = ३ × व्यासाचा टक्का, एवढंच उरतं. व्यास रोज सव्वा टक्क्याने वाढतोय, म्हणजे मणी पावणेचार टक्क्यांनी फुगतोय. ज्या सूत्रात नुसते गुणाकार आणि घात आहेत, तिथे ही वाट लांबीला निम्मी पडते. बेरीज आली की बंद.

उत्तर लिहिताना शेवटची ओळ वाक्यात लिहा, एककासह. 'टोक खाली येण्याचा वेग −०.३७५' असं लिहिलं तर टोक वर चाललंय असा अर्थ होतो. 'खाली येण्याचा' या शब्दांत उणे आधीच आलंय. एकतर डीवाय/डीटी = −०.३७५ लिहा, नाहीतर '०.३७५ मीटर प्रति सेकंद वेगाने खाली येतंय' असं लिहा.

एक गणित सरावाला, क्षेत्रफळाच्या वाक्याने सोडवायचं. उन्हाळ्यात येवला-नांदगावकडे फिरतो तसा गोल पिंपाचा आडवा टँकर: आतली त्रिज्या १ मीटर, लांबी ४ मीटर. पाणी मिनिटाला १.२ घनमीटर वेगाने विहिरीत सोडलं जातंय. टँकर निम्मा असताना पातळी किती वेगाने उतरते, आणि तळाशी २० सेंटिमीटर पाणी उरलं असताना किती? वर्तुळखंडाच्या घनफळाचं सूत्र शोधायला गेलात तर अर्धं पान जातं. त्याऐवजी पाण्याच्या पृष्ठभागाची रुंदी बघा. निम्म्यावर ती २ मीटर, पृष्ठभाग ८ चौरस मीटर, वेग मिनिटाला १५ सेंटिमीटर. २० सेंटिमीटरवर पाणी केंद्राच्या ०.८ मीटर खाली, म्हणून अर्धी रुंदी ०.६, पृष्ठभाग ४.८ चौरस मीटर, वेग मिनिटाला २५ सेंटिमीटर. भरलेल्या टँकरमध्ये पातळी वरून २० सेंटिमीटर उतरलेली असतानाही वेग हाच असतो.